पाद्री पातारे आणि बांधावरची भाकर

रेव्हरंड डॉक्टर गिदोन पातारे एकाहत्तर सालच्या जूनमध्ये सोनखडीला पाळक म्हणून आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक वळकटी आणि पुस्तकांच्या जड पेट्या होत्या. एस.टी.च्या टपावरून पेट्या उतरवायला थोरला भाऊ दीना फाट्यावर येऊन थांबला होता. दीना साठी ओलांडलेला, गिदोन पंचावन्नचा. दीनानं पहिली पेटी डोक्यावर घेतली, मान इकडंतिकडं करून तोल बसवला आणि म्हणाला,

“डाक्टर, ह्यात धोंडं भरल्यात का?”

“पुस्तकं आहेत, दादा.”

“एवढं शिकून अजून वाचायची ऱ्हायलीत?”

“ही वाचून झालेली आहेत.”

“मग आनली कशाला? वाचलेलं मान्साच्या डोक्यात ऱ्हातं म्हनत्यात. आमच्या डोक्यावर कशापायी?”

फाट्यावरची माणसं हसली. गिदोनही हसला. पुष्कळ वर्षांनी कोणी त्याची थट्टा केली होती. ज्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात त्यानं वीस वर्षं शिकवलं, तिथं त्याची थट्टा करायची कोणाची टाप नव्हती.

हे गाव त्यानं मागून घेतलं होतं. कॉलेजातल्या लोकांना वाटलं, बायको वारल्यापासून माणूस खचला. त्यानं कारणं दोन सांगितली: आयुष्यभर चाललेलं पुस्तक शांत जागी पुरं करायचं आणि जन्मगावची सेवा करायची. तिसरं कारण त्यानं कोणाला सांगितलं नाही. दीनाला प्रभुभोजनाच्या पंगतीत, म्हणजे पाद्रीच्या हातून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस घेणाऱ्यांत, परत बसलेलं त्याला बघायचं होतं. चौदा वर्षं दीना त्या पंगतीतून बंद होता, आणि बंद करण्यात गिदोनचा हात होता.

सोनखडी राहुरी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. खाली देवळाली प्रवरेकडं कालवा आणि ऊस. वर कालवा चढत नाही, त्यामुळं वरची माणसं कायम दुसऱ्याच्या कामावर. या दोघांचा बाप एलिया मिशनच्या बंगल्यावर माळी होता. तो ख्रिस्ती झाला तेव्हा गिदोन पाळण्यात होता आणि थोरली बहीण छबूबाई त्याआधीच नेवासं तालुक्यात दिलेली होती. ती सासरच्या धर्मात राहिली. देव वेगळे झाले, पण सणावारी येणं-जाणं चालूच राहिलं.

एलिया लवकर गेला. दीनानं चौथीतून शाळा सोडली आणि विहिरींच्या कामावर गेला. पहारीनं खडकात सुरुंगाची भोकं पाडायची, उडालेला दगड उचलून वर द्यायचा. धाकट्याला मिशनवाल्यांनी नगरच्या बोर्डिंगात घातलं. अंगचोरपणा दोघांपैकी कोणी केला नाही. दीना पाडत होता ती भोकं सरळ असत, आणि गिदोन शिकत होता तो धडा पुरा पाठ असे. गिदोन पाळकाचं शिक्षण घेऊन विलायतेला गेला. तिथं तीन वर्षं बसून त्यानं एकाच गोष्टीचा छडा लावला: अगदी पहिल्या काळात, छळाच्या भीतीनं ख्रिस्ती मंडळी सोडून गेलेल्यांना परत कसं घेत असत. कोणी किती काळ दाराबाहेर उभं राहायचं, कोणी कबुली द्यायची, कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा, सगळं. त्यावर त्याला डॉक्टरकी मिळाली. परत येऊन तो शिकवू लागला. त्याच्या वर्गात ‘साधारणपणे’ असा शब्द कोणी वापरला तर तो खडू खाली ठेवून विचारायचा, “साधारणपणे म्हणजे कुठं, केव्हा, कोण म्हणालं?” पोरं घाबरत, पण त्याच्या हाताखालून गेलेला पाळक कच्चा निघत नसे.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दीनानं आपली मुलगी दया छबूबाईच्या मुलाला दिली. दया पाळण्यात असतानाच त्यानं बहिणीला शब्द दिला होता. छबूबाईच्या घरानं आदल्या वर्षीच बौद्ध धम्म घेतला होता, तेव्हा लग्न त्यांच्या पद्धतीनं झालं. पाद्री नव्हता. मंडळीचा नियम होता, असं लग्न लावून देणारा प्रभुभोजनातून बंद. पंचांनी दीनाला बंद केलं. मग बिशपसाहेबांपुढं प्रश्न गेला, की अशा माणसाला पाळकापाशी खाजगीत पश्चात्ताप करून परत येता येईल का. साहेबांनी तो प्रश्न त्या विषयातल्या पंडिताकडं पाठवला. म्हणजे गिदोनकडं.

प्रश्नात नाव नव्हतं. गिदोनला नाव लागतही नव्हतं. त्या लग्नाचं आमंत्रण त्याला होतं आणि तो गेला नव्हता. त्यानं शास्त्राचे आणि इतिहासाचे आधार काढले आणि कळवलं: येता येईल, पण भर मंडळीसमोर उभं राहून चूक झाली असं म्हटल्यावर. भाऊ म्हणून सैल लिहिलं असं उद्या कोणी म्हणू नये, यासाठी त्यानं मुद्दाम थोडं जास्त घट्टच लिहिलं. तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटला होता.

दीनाची बायको चांगुणा पुढच्याच रविवारी उभी राहिली, चुकले म्हणाली आणि मोकळी झाली. दीना उभा राहिला नाही.

*

सोनखडीच्या दगडी चर्चला ख्रिस्ती लोक देऊळच म्हणत. गिदोनच्या पहिल्या रविवारी देऊळ भरलं. उपासना सुरू झाली आणि गाणं म्हणताना बाहेरून एक आवाज सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढं पळू लागला. दीना दाराबाहेरच्या ओट्यावर बसला होता. चौदा वर्षं तो दर रविवारी तिथंच बसत होता. आत येत नव्हता आणि घरीही राहत नव्हता.

उपासना झाल्यावर गिदोन अंगरख्यासकट त्याच्याशेजारी जाऊन बसला.

“दादा, आत ये आता.”

“आत आलो तर काय देशील?”

“तुला माहीत आहे. आधी दोन शब्द बोलावे लागतील.”

“काय बोलू? पोरगी बहिनीच्या घरात दिली, चुकलो? तिला तीन पोरं हायेत, गिदोन. थोरला मला आबा म्हनतो. मी हितं चुकलो म्हनलं तर ती पोरं काय झाली? चुकीची?”

“तसा अर्थ होत नाही.”

“तू पंडित हायस, तुझ्याकडं अर्थ लई असत्याल. माझ्याकडं येकच हाय.”

“वहिनी बोललीच की.”

दारातून चांगुणा बाहेर येत होती. तिनं ऐकलं. “मी बोलले,” ती म्हणाली. “खरं बोलले का खोटं ते देवाला ठावं. ह्यास्नी तेवढंबी जमंना. हट्टी मानूस. हिरीत सुरुंग उडत न्हाई तवर वर येयाचा न्हाई.”

गिदोनला कळलं की कबुली येणार नाही. पण आता काळ बदलला होता. आदल्या वर्षी निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या होत्या आणि जुने नियम नव्यानं तपासायचे होते. उपासनेचा नवा मराठी पाठ करणाऱ्या समितीत गिदोन स्वतः होता. पंगतीचं बोलावणं त्यानंच लिहिलं होतं: ‘या, हे ताट प्रभूचं आहे, इथं आपण सगळेच पाहुणे आहोत.’ या वाक्यावर त्यानं एक आख्खा आठवडा खर्च केला होता.

“मी रीतसर करतो,” तो दीनाला म्हणाला. “नियमच बदलून घेतो. सगळ्यांसाठी.”

“कर,” दीना म्हणाला. “मी कुठं पळून चाललोय.”

गिदोननं पुस्तकाचं काम बाजूला ठेवलं आणि बिशपसाहेबांच्या समितीसाठी टिपण लिहायला घेतलं. ख्रिस्ती नसलेल्या भाऊबंदांत मुली दिलेली दीनासारखी माणसं गावोगाव होती. त्या सगळ्यांना कबुलीशिवाय परत घ्यावं, असं त्याला मांडायचं होतं. पण आधीचं मत त्याचंच होतं. स्वतःचंच बांधकाम पाडायचं तर ते कुठून पाडलं म्हणजे भिंत अंगावर येणार नाही, याचा विचार करत तो पानं लिही आणि फाडी. पावसाळा गेला, नाताळ गेला, उन्हाळा आला. टिपण होत नव्हतं. तो आळशी नव्हता. सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत टेबलावरून हलत नसे. पण कष्ट पुष्कळ झाले म्हणजे काम झालं असं नसतं, आणि हे त्याला कोणी सांगू शकत नव्हतं.

एकदा चांगुणा त्याच्यासाठी पिठलं-भाकरी घेऊन आली. टेबलावरचा ढीग बघून म्हणाली,

“भावजी, येवढ्या कागदांत किती भाकरी हायेत?”

“वहिनी, झालंच आहे.”

“औंदा झालंच हाय म्हनताय, मागल्या सालीबी झालंच हुतं. ते दर ऐतवारी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसत्यात. तुमी आले तवापासून सदरा धुवाया लागलेत, ध्यानात आलंय का? तुमी पाद्री हाय. तुकडा तुमच्या हातात हाय. द्या की टाकून येकदा.”

“माझ्या भावाला दिला आणि बाकीच्यांना नाही, तर लोक काय म्हणतील? पाद्रीचा भाऊ म्हणून वशिला लागला.”

“लोक म्हनतील दोन दिस.”

“आणि ते खरं असेल.”

चांगुणानं पिठलं-भाकरी ढिगाशेजारी ठेवली आणि ती निघाली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

*

बहात्तरच्या पावसानं पाठ फिरवली. आषाढ कोरडा, श्रावण कोरडा. विहिरींनी तळ दाखवला आणि डोंगराच्या पायथ्याला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. अख्खी सोनखडी त्या कामावर गेली. दीनाचं वय बघून मुकादम कारभारी त्याला घ्यायला तयार नव्हता. दीनानं त्याच्या हातातला माती चोपायचा धुम्मस घेतला, भराव चोपून दाखवला आणि म्हणाला, “आता तू चोप. ज्येचा चांगला बसंल त्यो ऱ्हाईल.” कारभारीनं त्याचं नाव लिहून घेतलं.

सुट्टी बाजाराच्या दिवशी असे. रविवारी काम चालू. देऊळ ओस पडलं. दोन-तीन रविवार गिदोननं रिकाम्या बाकांपुढं उपासना केली. मग नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारच्या सुट्टीत तोच कामावर गेला. तोवर टिपण पुरं होऊन बिशपसाहेबांकडं पोचलं होतं आणि जानेवारीत समिती बसणार होती. महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न होता. गिदोन पुष्कळ दिवसांनी हलक्या मनानं चालला.

तयार झालेल्या भरावावर दोन रिकामी पिंपं उभी केली, त्यावर फळी टाकली, फळीवर पांढरं कापड अंथरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांना खडी ठेवली. भाकर म्हणून गव्हाची चपाती होती. द्राक्षारस गिदोननं मनुका भिजवून घरीच केला होता.

“अर्धा घंटा घ्या, पाद्रीसाहेब,” कारभारी म्हणाला. तो हिंदू होता, पण टोपी काढून बाजूला उभा राहिला. “आन तुमच्या देवाला सांगा, पाऊस सरकारी मापानं नगं. सढळ हातानं पाड म्हनावं.”

लोक भरावावरच बसले. ख्रिस्ती पुढं, बाकीचे भाकरी सोडून मागं, कुतूहलानं. पिण्याच्या पाण्याच्या पिंपापाशी आक्काबाई बसली होती. तिचा आवाज गिदोनला ऐकू आला:

“अरं दीना, प्यायाचं पानी हाय ते! हात कसले धुतोस?”

“थोडं टाक, आक्के. आज काम हाय हातास्नी.”

गिदोननं हे ऐकलं आणि त्यावर काही विचार केला नाही. दुष्काळात पाण्यावरून बोलाचाली रोजच्याच होत्या.

तो बोलावण्यापर्यंत आला. उघड्या माळावर त्याचा आवाज चांगला लागला. “या, हे ताट प्रभूचं आहे, इथं आपण सगळेच पाहुणे आहोत.” माणसं उठली, भरावाच्या कडेनं ओळीत गुडघे टेकले. गिदोन एका टोकापासून निघाला. प्रत्येकाच्या ओंजळीत तुकडा ठेवत, शब्द म्हणत, पुढं सरकत गेला. सगळे हात मातीचे. मग एक ओंजळ आली ती धुतलेली होती. तळवे चिरलेले, पण स्वच्छ. त्यानं वर पाहिलं. दीना होता.

दीनाची मान खाली होती. उजवा हात डाव्या हातावर ठेवला होता; लहानपणी बापानं दोघांना शिकवलं होतं तसाच.

गिदोनच्या चिमटीत तुकडा तयार होता. त्या क्षणी त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. भीतीही नव्हती. मनात आली ती समिती. मंजुरी आली नाही. आज भावाला दिला तर टिपणातला प्रत्येक शब्द भावासाठी लिहिलेला ठरेल, समिती तो फेकून देईल आणि गावोगावची माणसं बाहेरच राहतील. सगळं त्याला एकदम, स्पष्ट आणि क्रमानं दिसलं. विद्वान माणसाला असं दिसतं. त्याचा डावा हात उचलला गेला आणि दीनाच्या डोक्यावर टेकला. ज्यांना तुकडा द्यायचा नसतो त्यांच्यासाठी पाद्री तसं करतात. त्यानं आशीर्वाद म्हटला. पुरा म्हटला, एक शब्द गाळला नाही. आणि तो पुढच्या ओंजळीकडं वळला.

दीनाची ओंजळ तशीच राहिली. गिदोन पुढं गेल्यावरही काही वेळ तशीच होती, कारण त्याला वाटलं, गिदोन परत येईल. मागं बसलेल्यांतल्या कोणीतरी “ह्याला का न्हाई?” असं विचारलं आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मग दीनानं कोरडेच हात धोतराला पुसले आणि उठून गेला.

त्याच्याशेजारी चांगुणा होती. तिच्या हातात तुकडा पडला होता. तिनं तो तोंडात घातला नाही. मुठीत धरून ती नवऱ्यामागं गेली आणि भरावाच्या उतारावर त्याच्यापुढं मूठ उघडली.

“खा गप,” दीना म्हणाला. “तुझी हाय ती. तू बोलली हुतीस.”

काम पुन्हा सुरू झाल्यावर गिदोन त्याच्यापाशी गेला. दीना धुम्मस चालवत होता; एक घाव इकडं नाही, एक तिकडं नाही.

“दादा, एक महिना थांब. मंजुरी येते आहे.”

“कशाची?”

“तुझी.”

“मी काय नालाबांध हाय व्हय, मंजुरी याया?”

“तू आज येशील असं मला वाटलं नव्हतं.”

दीना थांबला. “देवळात तुझा उंबरा हाय. म्हनून मी ओट्यावर. हितं उंबरा न्हाई, ह्यो बांध आमीच घातलाय. आन तूच म्हनलास, या म्हनून. तसा वरडून म्हनलास. मला वाटलं, मलाच म्हनतोय.”

“तुलाच म्हणत होतो,” गिदोन म्हणाला. आणि म्हणताना त्याला कळलं की ते खरं होतं. ते वाक्य लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढं दीनाच होता.

“मग?” दीनानं विचारलं.

गिदोनकडं उत्तर होतं. चांगलं, तीन भागांचं उत्तर होतं. त्यानं ते दिलं नाही.

“सर बाजूला,” दीना म्हणाला. “पायावर पडंल.”

*

मंजुरी फेब्रुवारीत आली. समितीनं गिदोनचं टिपण जसंच्या तसं मान्य केलं होतं. एक शब्द खोडला नव्हता. गावोगावच्या देवळांत ते वाचून दाखवलं गेलं. मुळा नदीपलीकडून मच्छिंद्र नावाचा एक म्हातारा नातवाचा हात धरून मुद्दाम सोनखडीला आला, गिदोनच्या पाया पडायला लागला आणि म्हणाला, “साहेब, मेल्यावर मंडळी माती देईल का न्हाई ह्येचा घोर हुता. तो गेला.” गिदोननं त्याला उचलून उभं केलं. केलेलं काम खरं होतं. अशी किती माणसं आत आली, याचा हिशेब त्यानं ठेवला नाही.

त्याच दिवशी तो भाकर आणि प्याला घेऊन दीनाच्या घरी गेला. चांगुणानं सारवलेल्या जागी घोंगडी टाकली. दीना दोरखंड वळत बसला होता.

“दादा, आता काही बोलावं लागत नाही. नियम गेला.”

“बरं झालं. लोकांची सोय झाली.”

“मी तुझ्यासाठी आणलंय.”

“ठाव हाय.” दीनानं पीळ घट्ट केला. “गिदोन, मी रागावलो न्हाई. राग आसता तर तुला शिव्या घातल्या आस्त्या, आन मग खाल्लं आस्तं. तू म्हनशील तर माफबी केलं. पर हात पसरायचा म्हंजी मनातून यावं लागतं. पंधरा वर्सं लागली मला. आता पुन्यांदा येत न्हाई. मी बघितलं करून. न्हाई येत.”

“मी चुकलो, दादा.”

“आसं भर मंडळीत म्हन म्हनलं तर म्हनशील का?”

दीना हे हसत बोलला, टोमणा म्हणून. पण पुढच्या रविवारी गिदोननं उपदेशाच्या जागी उभं राहून ते म्हटलं. सत्तावन्न साली आपण काय लिहिलं आणि बांधावर आपण काय केलं, ते दुसऱ्या कोणाला मध्ये न ओढता सांगितलं. लोक खाली बघत राहिले. चांगुणानं पदर डोळ्यांना लावला. दीना बाहेर ओट्यावरून ऐकत होता. उपासना सुटल्यावर दीना म्हणाला, “त्येची काय गरज नव्हती, येड्या,” आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घरापर्यंत पोचवून आला. पण आत आला नाही. पुढच्या रविवारीही नाही.

गिदोनच्या पुस्तकाचं एकच प्रकरण राहिलं होतं, बाहेर गेलेल्यांना परत घेण्याचं. त्याची तयारी झालेली होती. कॉलेजातून दोनदा विचारणा झाली. त्यानं ते लिहिलं नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला, तलावात पाणी साठलं, माणसं आपापल्या कामाला लागली आणि देऊळ पुन्हा भरू लागलं. बोलावणं म्हटल्यावर गिदोन थोडा थांबायचा. नव्या माणसांना वाटे, साहेब पुढचे शब्द आठवताहेत. जुन्यांना माहीत होतं. दार उघडं असे. मग तो वाट बघणं सोडून मेजाकडं वळे, कारण मंडळीला देण्याआधी पाद्रीनं स्वतः घ्यायचं असतं. हा नियम फार जुना आहे, कोणी बदललेला नाही. थोरला भाऊ बाहेर बसलेला, आणि दर रविवारी पहिला तुकडा गिदोनला खावा लागे. तो चावायला त्याला वेळ लागत असे, आणि लोक गुडघ्यांवर थांबून राहत.